दिवाळीनंतरचा पेपर

“सर, हा बिल्ला काढू का? टोचतोय.”

सातवी ‘अ’मधली ती मुलगी उभी राहून विचारत होती. नाव तिचं ऋता मांडवकर. गणवेशाच्या खिशावर पिवळ्या पुठ्ठ्याचा गोल बिल्ला, त्यावर कानाचं चित्र.

“नाही काढायचा,” मी म्हणालो. “तू कान आहेस.”

“पण मला चित्रं काढायला आवडतात.”

“फॉर्ममध्ये तसं आलेलं नाही. बस खाली.”

ती बसली. हे संभाषण मी शंभर टक्के गंभीरपणे केलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला तू कान आहेस असं सांगताना मला हसू आलं नाही, लाज वाटली नाही, उलट एक शास्त्रीय काम पार पडल्याचं समाधान वाटलं.

तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. नावामागे एम.एड., हातात जिल्ह्याचं पत्र, आणि गळ्यात ‘प्रशिक्षक’ असं लिहिलेलं ओळखपत्र. ते मी बसमध्येसुद्धा काढत नसे. ‘मेंदूस्नेही अध्यापन’ नावाचा उपक्रम आमच्या जिल्ह्यात येऊ घातला होता आणि कातळवेढ्याचं हायस्कूल त्यासाठी निवडलं होतं. मुलांचे तीन प्रकार असतात, असा त्या उपक्रमाचा पाया. काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. वीस प्रश्नांचा एक फॉर्म भरून घ्यायचा. ‘तुला गाणं आवडतं की चित्र?’ ‘सुट्टीत तू खेळतोस की गोष्टी ऐकतोस?’ अशा वीस खुणांवरून मुलाचा मेंदू ओळखायचा आणि बिल्ला लावायचा. मग डोळेवाल्यांना तक्ते, कानवाल्यांना गाणी, हातवाल्यांना शाडूची माती. हे सगळं मी पुण्यात तीन दिवसांच्या शिबिरात शिकून आलो होतो. दुपारचं जेवण चांगलं होतं, प्रमाणपत्राचा कागद जाड होता. आणखी काय खात्री लागते?

त्या शाळेत सगळ्यांनी बिल्ले लावले. फक्त सातवी ‘ब’ने लावले नाहीत.

‘ब’ला विज्ञान शिकवायच्या गुरसाळे बाई. वत्सला गुरसाळे. पन्नाशीच्या, सडपातळ, आवाज बारीक. सव्वीस वर्षं त्याच शाळेत. त्यांना मी पहिल्यांदा शिकवताना पाहिलं ते वर्गाच्या मागच्या बाकावर वही घेऊन बसून. त्या आल्या, हजेरी घेतली आणि फळ्यावर पाच प्रश्न लिहिले. वह्यापुस्तकं मिटलेली. एक प्रश्न कालचा, दोन मागच्या आठवड्यातले, एक जूनमधला, आणि एक चक्क सहावीतला. मुलं सुटे कागद घेऊन लिहायला लागली. कुणी छताकडे बघतंय, कुणी पेन्सिल चावतंय. एका मुलीने लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं. पाच मिनिटं झाल्यावर बाई म्हणाल्या, “उघडा पुस्तकं.” मुलांनी लाल पेन्सिलने आपापलं तपासलं. कागद दप्तरात गेले. बाईंनी एकही बघायला मागितला नाही. मग धडा सुरू.

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

“हे रोज करता?”

“रोज.”

“मार्क देता त्याचे?”

“नाही. मार्क दिले की पोरं कॉपी करतात.”

“मग उपयोग काय?”

“आठवावं लागतं ना, सर. आठवायला त्रास झाला की पक्कं बसतं. आणि नाहीच आठवलं तर आपल्याला नेमकं काय येत नाही ते तरी कळतं.”

“हे कुठं वाचलंत?”

“वाचलं नाही कुठं. पहिली दहा वर्षं मी फार छान शिकवायचे. पोरं माना डोलवायची, मलाही बरं वाटायचं. सहामाहीला विचारलं की पाटी कोरी. मग हे सुरू केलं.”

“बाई, याला आपल्याकडे घोकंपट्टी म्हणतात.”

“घोकताना उत्तर डोळ्यांसमोर असतं,” त्या म्हणाल्या. “इथं ते शोधून आणावं लागतं. दोन्ही एक कसं होईल?”

मी हसलो. प्रशिक्षकांचं एक हसू असतं, शिक्षकांसाठी राखून ठेवलेलं. ते हसलो.

“आणि बिल्ल्यांचं काय?”

“माझ्या वर्गात नकोत.”

“उपक्रमाचा नियम आहे तो.”

“असेल. पण जठर कसं असतं हे कानांनी कसं शिकायचं, सांगा. ते बघावंच लागेल. सगळ्यांनाच. आणि कविता शिकायची तर ऐकावीच लागेल. तीही सगळ्यांनाच. यात पोरांचे प्रकार कुठून आले?”

मी त्यांना मेंदूच्या डाव्या-उजव्या भागाबद्दल दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, खडूचे हात झटकले आणि पुढच्या तासाला गेल्या. त्या रात्रीच्या अहवालात मी लिहिलं, ‘सौ. गुरसाळे यांची पद्धत कालबाह्य व ताण निर्माण करणारी असून त्यांना विज्ञान विषयातून मुक्त करावे.’

मुख्याध्यापक भणगे सर हे अंगाला काही लागू न देणारे गृहस्थ. एकीकडे जिल्ह्याचं पत्र, दुसरीकडे सव्वीस वर्षांची बाई. त्यांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, “भांडण कशाला? ऑक्टोबरात जिल्ह्याचे साहेब येतायत. तुलनाच करून टाकू. पचनसंस्था आणि रक्ताभिसरण, दोन धडे, आठ तास. ‘अ’ला हे आपले होनराव सर शिकवतील, ‘ब’ला बाई. पेपर दुसऱ्या शाळेकडून काढून घेऊ. पंचवीस मार्कांचा. ज्याची तुकडी पुढे, त्याची पद्धत शाळेत.”

“चालेल,” मी म्हणालो.

“चालेल,” बाईही म्हणाल्या. “पण माझे पाचप्रश्न मी पुढंही चालू ठेवणार. दिवाळीपर्यंत अधूनमधून या धड्यांवरचं विचारीन. आत्ताच सांगून ठेवते.”

“विचारा की,” मी उदारपणे म्हणालो.

ते आठ तास मी असा काही नाचलो की विचारू नका. कानवाल्यांनी अन्नाच्या प्रवासाचं गाणं बसवलं. हातवाल्यांनी शाडूचं हृदय केलं, त्याला लाल-निळा रंग दिला. डोळेवाल्यांनी खोलीभर तक्ते लावले. एक मुलगा घास झाला, दोघं दात झाले, तिघांनी हात धरून आतडं केलं. वर्ग खिदळत होता. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीतून बघायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा दाखवलं, गाण्यासकट.

‘ब’मध्ये बाईंनी पहिले चार तास शिकवलं. फळ्यावर आकृती काढायच्या, समजावायच्या, पुसायच्या, आणि पोरांना ती न बघता, आठवून काढायला लावायच्या. पुढचे चार तास जवळजवळ नुसते प्रश्नच. मी दाराशी जाऊन बघितलं तेव्हा वर्ग रडकुंडीला आलेला होता. तीच ती मागे खोडाखोड करणारी मुलगी, नसीमा तांबोळी, बाकावर कपाळ टेकून बसली होती.

“काय झालं गं?” बाई विचारत होत्या.

“काल आलं होतं, बाई. आज येईना.”

“मग आज पुन्हा बघ. परवा विचारते.”

मला मनापासून आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे.

पेपर झाला. ‘अ’ची सरासरी एकोणीस, ‘ब’ची सोळा.

साहेब आले त्या दिवशी पटांगणात मांडव होता. साहेबांना नारळ, शाल. मला नारळ, शाल. साहेबांनी भाषणात सांगितलं की मेंदू हा स्पंजासारखा असतो. हे त्यांना मी दहा मिनिटांपूर्वी गाडीतून उतरताना सांगितलं होतं आणि मला ते शिबिरात कुणीतरी सांगितलं होतं. त्या कुणीतरीला कुणी सांगितलं असेल देव जाणे. “काही लोक अजून खडू-फळ्यातच अडकून बसलेत,” साहेब म्हणाले, आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या बाईंकडे बघितलं. टाळ्या पडल्या. बाईंच्या शेजारी वर्षानुवर्षं डबा खाणाऱ्या शिक्षिकांनीही वाजवल्या. अर्ध्या मांडवाला आपण कशाला टाळ्या वाजवतोय ते ठाऊक नव्हतं, पण साहेब थांबले की वाजवायच्या एवढं ठाऊक होतं.

बाई उभ्या राहिल्या.

“साहेब, एक विनंती होती.”

भणगे सरांनी हाताने खाली बसा अशी खूण केली. त्या बसल्या नाहीत.

“हाच पेपर दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा घ्यावा. दोन्ही तुकड्यांचा. पोरांना आधी न सांगता.”

“आता परत कशाला?” साहेब म्हणाले. “निकाल तर लागला.”

“पोरांनी दुसऱ्या दिवशी सांगावं एवढ्यासाठीच शिकवायचं असेल तर लागला. पुढं सांगावं असं असेल तर अजून लागायचाय.”

साहेब हसले. शाल अंगावर असली की माणूस मोठ्या मनाचा होतो. “घ्या बाई, घ्या. हौस होऊन जाऊ दे.”

“आणि पेपर होनराव सरांनीच तपासावेत,” त्या म्हणाल्या. “मी तपासले तर उद्या कुणी म्हणेल, बाईंनी आपल्या पोरांना वाढवून दिले.”

दिवाळीनंतर शाळा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर झाला. मुलं कुरकुरली, फटाके, किल्ले, मामाचं गाव अजून अंगातून उतरलं नव्हतं. चौऱ्याऐंशी पेपरांचा गठ्ठा मी घरी नेला आणि रविवारी दुपारी तपासला. पुढच्या शुक्रवारी भणगे सरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो.

“काय निघालं?” भणगे सरांनी विचारलं.

“काही विशेष नाही,” मी म्हणालो. “दोन्ही तुकड्या जवळपास सारख्याच. ‘अ’ नऊ, ‘ब’ साडेनऊ.”

“म्हणजे फरक नाही.”

“नाही म्हणायला अर्ध्या मार्काचा. तो धरत नाहीत.”

बाई टेबलावर पुढे झुकल्या.

“माझीसुद्धा विसरली?”

“सुट्टी मोठी होती, बाई.”

“सुट्टी होती, पण… पेपर बघायला मिळतील?”

“जिल्ह्याला पाठवले. नियमच आहे.”

“मला वाटायचं त्यांना येतंय,” त्या म्हणाल्या. आमच्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं. “कागद मी कधी गोळा केले नाहीत. आपलं आपण तपासा म्हणायचे. पोरं खोट्या खुणा करत असतील लाल पेन्सिलच्या. पुढच्या बाकावरचे चार हात वर यायचे, मला वाटायचं वर्गालाच येतंय.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बरं झालं तुमच्याकडून तपासून घेतलं. नाहीतर मी असंच रेटत राहिले असते. पोरांना उगीच रडवलं इतकी वर्षं.”

त्या उठल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, “ते बिल्ले उरलेत का? त्रेचाळीस लागतील.”

विज्ञान त्यांच्याकडेच राहिलं. माझ्या अहवालातलं ते वाक्य भणगे सरांनी खोडून घेतलं, आणि मीही हरकत घेतली नाही. पुढच्या जूनपासून उपक्रम सगळ्या जिल्ह्यात लागू झाला. मी लिहिलेली पुस्तिका शाळाशाळांत गेली, तिच्या मुखपृष्ठावर कान, डोळा आणि हात होते. मी विभागाचा प्रशिक्षक झालो, मग राज्याच्या समितीवर गेलो. समितीवर माझ्यासारखेच सगळे होते. आम्ही एकमेकांना ‘तज्ज्ञ’ म्हणायचो आणि बिस्किटं खायचो.

दोनदा कामासाठी कातळवेढ्याला जाणं झालं. एकदा ‘ब’च्या दारावरून गेलो. बाई गाणं म्हणून घेत होत्या, बारीक आवाजात, अगदी मन लावून. पोरांच्या खिशांवर बिल्ले होते. फळ्यावर पाच प्रश्न नव्हते. बाई सात वर्षांनी निवृत्त झाल्या.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका प्रशिक्षणात एक तरुण प्राध्यापिका आल्या. मानसशास्त्राच्या. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. पुन्हापुन्हा वाचणारी मुलं दुसऱ्या दिवशी पुढे, पण काही आठवड्यांनी पुस्तक मिटून आठवत राहिलेली मुलं त्यांना कितीतरी मागे टाकतात. आणि मुलांचे डोळे-कान-हात असे प्रकार करून शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला आधार सापडलेला नाही. सभागृहात सगळे वह्यांत उतरवून घेत होते. मागची वीस वर्षं मी सांगितलेलं ज्यांनी उतरवून घेतलं होतं, तेच. शेजारी बसलेले समितीवरचे एक सदस्य माझ्याकडे झुकून म्हणाले, “होनराव, हे नवीनच निघालं की. आपल्याला कुठं ठाऊक होतं?”

“नाही ना,” मी म्हणालो.

त्यानंतर दीड महिन्याने मी गुरसाळे बाईंचा पत्ता काढला. त्या लेकीकडे राहत होत्या, सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. दुपारी चारला गेलो. लेकीने दार उघडलं, पाणी दिलं. बाई खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. थकल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं.

“होनराव सर. इकडं कुठं?”

“तुम्हालाच भेटायला आलो, बाई. एक सांगायचं होतं. त्या दिवाळीनंतरच्या पेपरबद्दल.”

त्यांचे हात थांबले नाहीत.

“निकाल मी खोटा सांगितला होता.”

आता थांबले.

“किती होते?” त्यांनी विचारलं.

“तुमची पंधरा. माझी साडेसात.”

मी बोलत राहिलो. तीनदा सरासरी काढली होती, ते सांगितलं. ऋता मांडवकरने गाण्याच्या दोन ओळी अख्ख्या लिहिल्या होत्या आणि त्याखाली लहान आतडं मोठ्या आतड्यानंतर येतं असं लिहिलं होतं, तिला पाच पडले, तेही सांगितलं. नसीमा तांबोळीने हृदयाची आकृती चारही कप्प्यांसकट काढली होती, बाण बरोबर होते, तिला बावीस. पहिल्यापेक्षा दोन जास्त. मी ती आकृती बराच वेळ बघत बसलो होतो. पुस्तिका छापायला जायची होती. साहेबांनी माझं नाव वर कळवलं होतं.

“पेपर जिल्ह्याला पाठवलेच नव्हते,” मी म्हणालो.

“कुठं आहेत?”

“रद्दीत घातले. त्याच आठवड्यात.”

“म्हणजे नाहीत.”

“नाहीत. पण मी सांगतोय ना, बाई. तुमचं बरोबर होतं. आता तर तसं संशोधनच आहे. पहिल्यापासून तुमचंच बरोबर होतं.”

शेंगांचं ताट त्यांनी मांडीवरून उचलून स्टुलावर ठेवलं.

“नसीमाला बावीस?”

“बावीस.”

“तिला मी त्यानंतर खोटारडी म्हणाले होते,” बाई म्हणाल्या. “वर्गासमोर. लाल पेन्सिलच्या खुणा खोट्या करतेस म्हणून. ती नाही म्हणत होती. रडली नाही, नुसती नाही म्हणत राहिली. मी ऐकलं नाही. माझ्याकडं तुमचा आकडा होता.”

मी खाली बघितलं.

“पुढं आठवीनंतर शाळा सोडली तिनं,” त्या म्हणाल्या. “का सोडली ते मला ठाऊक नाही. त्यामुळंच सोडली असं मी म्हणत नाही. ठाऊक नाही, एवढंच.”

“बाई, मला माफ—”

“थांबा. तुम्ही आज जे सांगितलंत ते खरं कशावरून?”

मला प्रश्न कळला नाही.

“तेव्हा तुम्ही आलात, आकडा सांगितला, पेपर दाखवले नाहीत. मी मानलं. आज तुम्ही आलात, दुसरा आकडा सांगितला, पेपर आजही नाहीत. तेव्हा तुम्हाला पुस्तिका काढायची होती. आज तुम्हाला मन हलकं करायचंय. मी कुठला आकडा धरू?”

“पण हा खरा आहे, बाई. मी शपथ—”

“त्या शुक्रवारीही तुम्ही असेच समोर बसला होतात. तोंडावर काही दिसलं नव्हतं मला. आजही काही दिसत नाही.” त्यांचा आवाज चढला नाही. वर्गात चुकलेलं उत्तर सुधारायला परत द्यावं तसा तो होता. “सात वर्षं मी पोरांना पाच प्रश्न विचारले नाहीत. ते चुकलं की बरोबर, हे मला तुमच्याकडून नाही कळायचं. तुमच्याकडून काहीच नाही कळायचं मला.”

त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं आणि आतल्या खोलीकडे बघून लेकीला हाक मारली.

“मीनल, दार लाव गं. सर निघालेत.”

मी अजून उठलो नव्हतो.